मुक्त परवान्याचे मराठी युनिकोड फॉन्ट : छोट्या जाहिरात कार्यालयातील वापरानंतरचा अनुभव

आमचे जाहिरात कार्यालय कोल्हापुरात आहे आणि ते लहान आहे. कलादिग्दर्शक, कॉपी लिहिणाऱ्या ताई, डीटीपी, म्हणजे संगणकावरची टंकणी आणि मांडणी, सांभाळणारे दादा, छापखान्यापासून वृत्तपत्राच्या कचेरीपर्यंत धावपळ करणारा एक तरुण आणि ग्राहकांशी बोलणारा मी, एवढ्या माणसांवर सगळे चालते. गुजरीतील सराफ, उद्यमनगरातील फाउंड्रीवाले, पतसंस्था, भांड्यांची आणि साड्यांची दुकाने, शिकवणी वर्ग हे आमचे नेहमीचे ग्राहक. गेल्या गुढीपाडव्यापासून आम्ही प्रत्येक नवे काम फक्त युनिकोड (प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) फॉन्टमध्ये, आणि शक्य तेथे मुक्त परवान्याच्याच फॉन्टमध्ये, करण्याचे ठरवले. पाडवा, गणपती, नवरात्र आणि दिवाळी असे जाहिरातीचे चारही मोठे हंगाम या फॉन्टांवर पार पडल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे.

वापरात मुख्यतः एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे फॉन्ट राहिले: मजकुरासाठी ‘मुक्त’, ठळक मथळ्यांसाठी ‘बलू’ आणि ‘मोदक’, तर अनेक लिप्यांच्या कामासाठी ‘अनेक’. दिवाळी अंकांतील जाहिरातींसाठी आणि निमंत्रणपत्रिकांसाठी ‘टिरो देवनागरी मराठी’ आणि राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ वापरला. हे फॉन्ट ज्या मुक्त फॉन्ट परवान्याखाली मिळतात, तो व्यावसायिक कामातही ते विनाशुल्क वापरण्याची पूर्ण मोकळीक देतो. नुसता फॉन्ट वेगळा विकू नये, एवढीच मुख्य अट असते. खर्चाबद्दल यापेक्षा अधिक लिहिण्याची गरज नाही.

सर्वांत मोठा फरक पडला तो दुरुस्तीच्या पद्धतीत. जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत मराठी अक्षरे प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत, आणि प्रत्येक कंपनीची बैठक निराळी असे. संगणकाच्या दृष्टीने ‘दिवाळी’ हा शब्द म्हणजे काही इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे होती. फॉन्ट बदलला किंवा समोरच्याकडे नसला, की तीच चिन्हे पडद्यावर येत. त्यामुळे कॉपीलेखिकेने वहीत लिहिलेला किंवा फोनवर टंकलेला मजकूर दादा पुन्हा एकदा टंकत, त्याचे प्रूफ निघे, त्यावर लाल पेनाने खुणा होत आणि दुरुस्ती करताना एखादी नवी चूक शिरे. आता ताई मजकूर फोनवर लिहितात, तो ग्राहकाला व्हॉट्सॲपवर जातो, ग्राहक त्याच ओळींत फेरफार करून परत पाठवतो, आणि तोच मजकूर, अक्षरही न बदलता, ले-आउटमध्ये उतरतो. एका सराफाने घडणावळीवरील सवलतीची ओळ रिलीज ऑर्डर (वृत्तपत्राला जाहिरात छापण्याची लेखी मागणी) गेल्यानंतर, वृत्तपत्राची मुदत संपायला थोडाच वेळ उरला असताना बदलून मागितली; ताईंनी स्वतः लिहिलेली नवी ओळ दादांनी जशीच्या तशी बसवली आणि जाहिरात वेळेत गेली. मजकूर लिहिणाऱ्याचा त्यावरचा ताबा शेवटच्या घटकेपर्यंत टिकतो, ही गोष्ट मला या सगळ्या बदलात सर्वाधिक मोलाची वाटते.

याचा परिणाम कॉपीच्या दर्जावरही झाला. पूर्वी दुरुस्ती महाग पडत असल्यामुळे पहिला बरा मथळा कायम होत असे. आता ताई एकाच ले-आउटमध्ये चार मथळे घालून पाहतात आणि शब्द डोळ्यांना कसा दिसतो हे पाहून निवड करतात. काही ग्राहकांकडून हिंदी जाहिरातीचे तयार भाषांतर येते, आणि त्यातील ‘आकर्षक उपहार’ किंवा ‘भारी सूट’ यांच्या जागी ‘हमखास भेटवस्तू’ आणि ‘घसघशीत सवलत’ असे मराठी वळण देऊन ते ग्राहकाला ताबडतोब मांडणीसह दाखवता येते. दाखवले की बहुतेकांना पटते.

आता अक्षरांविषयी. आठ बिटांच्या जुन्या फॉन्टात जेमतेम २५६ जागा असत. त्यांत मराठीची सर्व जोडाक्षरे बसणे अशक्य होते, म्हणून अनेक जोडाक्षरे अर्ध्या तुकड्यांची जुळवाजुळव करून साधावी लागत. ओपनटाइप या आताच्या युनिकोड फॉन्टांच्या प्रकारात ही मर्यादा उरलेली नाही. ‘भव्य उद्घाटन’ हे शब्द आमच्या धंद्यात रोज लागतात, आणि त्यातील ‘द्घ’ नीट, सुबक, एका अक्षरासारखा उभा राहिलेला पाहणे हे समाधानाचे आहे. तीच गोष्ट ‘द्वितीय वर्धापनदिन’ आणि ‘चिन्ह’ यांची. मराठीची खरी कसोटी मात्र ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ या अक्षरांत लागते. दिवाळीच्या तोंडावर भांड्यांच्या दुकानाची जाहिरात करताना ‘चकलीचा सोऱ्या’ हे शब्द मोठ्या अक्षरांत यायचे होते. तेथे रफार आला असता तर शब्द वाचताच आला नसता. खाणावळीच्या जाहिरातीत ‘आचाऱ्यांच्या हातचे’ ऐवजी ‘आचार्यांच्या हातचे’ छापले गेले तर अर्थच पालटतो. आम्ही वापरलेल्या वरील फॉन्टांत हे अक्षर बरोबर आले. जुन्या फायलींतील मजकूर रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणताना मात्र नेमकी हीच अक्षरे बिघडतात, म्हणून रूपांतरित मजकूर मूळ छापील कागदाशी ओळीगणिक ताडून घेतल्याखेरीज वापरू नये.

मराठी ल आणि श यांच्याबद्दलही सांगायला हवे. १० नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची रूपे नेमून दिली आहेत. काही देवनागरी फॉन्टांत ही रूपे आत असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडल्याशिवाय ती दिसत नाहीत. नोटो सान्स देवनागरी हे त्याचे परिचित उदाहरण आहे, आणि संकेतस्थळावर तर पानाची भाषा मराठी असल्याची नोंद पानाच्या कोडमध्ये करावी लागते. ‘टिरो देवनागरी मराठी’मध्ये ती मुळातच मराठी वळणाची आहेत. पतसंस्थांच्या आणि ग्रामपंचायतींच्या कामात आम्ही आता ही निवड आधी तपासतो, कारण ‘लक्ष्मी’, ‘लाभ’, ‘शुभ’, ‘शेतकरी’ या शब्दांवर सगळी जाहिरात उभी असते आणि जुन्या पिढीच्या वाचकाच्या नजरेला परके वळण लगेच जाणवते.

मथळ्यांची रचना करताना दोन गोष्टी रोज लक्षात ठेवाव्या लागतात. इंग्रजीसाठी ठरलेले ओळींतील अंतर देवनागरीला पुरत नाही. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी किंवा रफार एकमेकांत घुसतात, म्हणून अंतर वाढवावेच लागते. शिवाय अक्षरांमध्ये जास्तीची मोकळी जागा सोडली की शिरोरेघ तुटते. मथळा पसरट हवा असेल तर मुळात पसरट असलेला फॉन्ट घ्यावा, आणि येथे ‘अनेक’ फार उपयोगी पडतो. त्याची जाडी आणि रुंदी दोन्ही हवी तशी कमी-जास्त करता येते. वृत्तपत्रातील एका कॉलमच्या जाहिरातीत पतसंस्थेचे लांबलचक नाव एका ओळीत बसवायचे असते. पूर्वी अक्षरे दोन्ही बाजूंनी दाबून ती आवळली जात आणि उभ्या रेघा केविलवाण्या बारीक होत, तर आता अरुंद रूप निवडले की रेघांची जाडी शाबूत राहते.

‘अनेक’चा दुसरा उपयोग आमच्या भागामुळे विशेष आहे. आमच्या काही ग्राहकांच्या शाखा निपाणी आणि बेळगावात आहेत आणि तेथे मराठीबरोबर कन्नड मजकूरही लागतो. कार्यालयात कन्नड वाचणारे कोणी नाही. पूर्वी शाखेतून हाताने लिहिलेला कागद येई, कन्नड जाणणारा डीटीपीवाला शोधावा लागे, आणि दोन लिप्यांची अक्षरे शेजारी ठेवली की एक जाडजूड तर दुसरी किरकोळ दिसे. आता शाखेतील लेखनिक मजकूर युनिकोडमध्ये पाठवतात, तो आम्ही ‘अनेक कन्नड’मध्ये घालतो, मराठी ‘अनेक देवनागरी’मध्ये राहते, आणि छापण्यापूर्वी त्याच लेखनिकांकडून प्रूफ तपासून घेतो. दहा लिप्यांसाठी एकाच मापाने आखलेले हे कुटुंब असल्यामुळे फलकावर कोणतीही भाषा धाकटी वाटत नाही. सीमाभागात या समानतेला किती अर्थ आहे, हे तेथे राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही.

दुकानांच्या पाट्यांचे काम २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर वाढले. पाटीवर देवनागरी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, असे ती दुरुस्ती सांगते. रोमन बोधचिन्ह आधीच ठरलेले असते आणि त्याच्या तोडीचे मराठी नाव तयार करायचे असते. गोलसर वळणाच्या बोधचिन्हांना ‘बलू’ चांगला जुळतो, साध्या सरळ अक्षरांना ‘मुक्त’च्या सात जाड्यांपैकी एखादी शोभते. तलवारीच्या धारेसारखे, नाटकाच्या जाहिरातीत शोभेल असे दमदार अक्षर हवे असेल तर मात्र आम्हाला हव्या त्या वळणाचा फॉन्ट या साठ्यात सापडलेला नाही. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांना जो चेहरा दिला, तो प्रत्येक नाटकासाठी स्वतंत्र रेखाटलेला होता. तशी मागणी आली की आमचे कलादिग्दर्शक अजूनही कागदावर बोरूने अक्षर काढतात आणि मग ते संगणकात घेतात. हे काम फॉन्टाकडून अपेक्षू नये, आणि त्याचे पैसे ग्राहकाकडून वेगळे घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

येथे र. कृ. जोशी यांची आठवण होते. त्यांनी उल्का या जाहिरात संस्थेत अनेक वर्षे टंकरचना सांभाळली आणि पुढे विंडोजमध्ये आलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट घडवला. देवनागरी संगणकावर नीट उमटावी यासाठी झटणारा माणूस जाहिरातीच्या धंद्यातून यावा, हे या व्यवसायात काम करणाऱ्या प्रत्येकाने अभिमानाने लक्षात ठेवावे असे आहे.

अडचणी उरल्या त्या कार्यालयाबाहेरच्या. फ्लेक्स छापणाऱ्या काही ठिकाणी चित्रांकनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या चालू आहेत. त्यांत युनिकोड मजकूर उघडला की पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात. म्हणून बाहेर जाणारी प्रत्येक फाइल कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे रेषाचित्रांत रूपांतर करूनच, पाठवावी आणि मजकूर शाबूत असलेली मूळ फाइल वेगळ्या नावाने जपावी. आमच्याकडील मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्येही भारतीय लिप्यांसाठीची मजकूररचना एकदा चालू करावी लागते. ती बंद असेल तर नवा कोरा फॉन्टही तुटकाच दिसतो, आणि दोष फॉन्टाच्या माथी येतो.

जुन्या फायलींचे काय करावे, हा प्रश्न आम्हाला इतर कार्यालयांतून वारंवार विचारला जातो. आम्ही सरसकट रूपांतर केले नाही. दरवर्षी त्याच स्वरूपात येणाऱ्या जाहिराती, म्हणजे पतसंस्थांच्या वार्षिक सभेच्या सूचना, सराफांच्या पाडव्याच्या जाहिराती आणि शिकवणी वर्गांचे निकालाचे फलक, हंगाम येईल तसे नव्याने टंकून घेतले. बाकीच्या जुन्या फायली त्यांच्या फॉन्टांसह एका वेगळ्या संगणकावर तशाच ठेवल्या आहेत. तो संगणक अजून काही वर्षे चालू ठेवावा लागेल.