कोल्ड ब्रू गाळायची कशाने: जाळी, कागद की फडकं?

कॉफी थंड पाण्यात भिजत घालणं साबुदाणा भिजवण्यापेक्षा नक्कीच सोपं आहे. साबुदाण्यात चार चमचे पाणी जास्त पडलं की खिचडीचा लगदा होतो. इथे प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं तर फार तर दूध कमी-जास्त घालायचं. खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी सकाळी होते. बरणीत काळं पाणी आहे, त्यात फुगलेली पूड आहे आणि दोघांची ताटातूट करायची आहे. म्हणून कोल्ड ब्रूसाठी, म्हणजे या थंड पाण्यात भिजवलेल्या कॉफीसाठी, काय घेऊ असं कुणी विचारलं, की मी कॉफीचं सोडून गाळण्याबद्दलच बोलायला लागतो.

गेले तीन उन्हाळे मी हा उद्योग डोंबिवलीतल्या घरी करतोय. सुरुवात जाळीच्या बाटलीने झाली, मग कागदाचा कोन आला आणि सध्या फडकं आहे. तिन्ही वस्तू घरात शाबूत आहेत, त्यामुळे कुणावर अन्याय होऊ नये असं मला वाटतं. मोजायची यंत्रं माझ्याकडे नाहीत. जीभ, घड्याळ आणि स्वयंपाकघरातलं सिंक, या तिघांच्या साक्षीवर हे सगळं लिहितोय.

आधी दळण्याचं बोलू, कारण ते चुकलं तर पुढचे तिन्ही उपाय सारखेच कुचकामी. फिल्टर कॉफीची तयार पूड यासाठी नको. ती फार बारीक असते, शिवाय बहुतेक पाकिटांत चिकोरी असते. चिकोरी पाण्यात चटकन उतरते, पाणी दाट करते आणि मग कुठलीही गाळणी रडायला लागते. कॉफी आणि चिकोरीचं प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचून निव्वळ कॉफी घ्या. मी चिकमगळूरच्या अरेबिकाच्या मध्यम भाजलेल्या बिया आणतो. दुकानात दळून घेणार असाल तर फ्रेंच प्रेससाठी (दांड्याने चोथा खाली दाबायचं कॉफीचं भांडं) दळा म्हणून सांगायचं. घरी दळायची तर मिक्सरचं चटणीचं भांडं चालतं. बटण सलग न दाबता थांबत थांबत फिरवा, लापशीच्या रव्याइतकी जाड ठेवा आणि नंतर मैद्याच्या चाळणीतून चाळा. खाली जी पिठी पडेल ती सकाळच्या गरम कॉफीला वापरा. ही पिठीच सगळ्या भांडणाचं मूळ आहे.

माझं माप 100 ग्रॅम पूड आणि 800 मिलिलिटर पाणी. हातात येते साधारण 600 मिलिलिटर, कारण पूड स्वतःच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास पाणी धरून बसते. फ्रिजमध्ये 16 तास. थंडीत मी बरणी ओट्यावरही ठेवतो, पण मे महिन्यात तसं करू नका. एकदा करून पाहिलं, तर कॉफीला भिजलेल्या लाकडाची चव आली. पिताना जेवढी कॉफी तेवढंच दूध किंवा पाणी.

आता जाळीची बाटली. आत स्टीलच्या किंवा नायलॉनच्या बारीक जाळीची उंच नळी असते. पूड नळीत, पाणी बाटलीत, सकाळी नळी उचलली की काम झालं. विकत घेण्याआधी हे इतकं साधं दिसतं की दुसरं काही बघावंसंच वाटत नाही. चवीलाही वाईट नाही. कॉफी जड आणि भरदार लागते. दूध घालून पिणाऱ्यांना ती आवडेल. तळाशी थोडी पिठी उतरते, म्हणून शेवटचा पेला गढूळ निघतो आणि तिसऱ्या दिवशी बाटलीतल्या कॉफीला कडवटपणा येतो, कारण ती पिठी आत बसून भिजतच असते. यावर उपाय आहे. बाटली न हलवता वरचं निवळ पाणी दुसरीकडे ओतून घ्यायचं. तेवढ्यावर मी बाटली सोडली नसती.

सोडली ती चोथ्यामुळे.

नळी उंच आणि अरुंद. त्यात 100 ग्रॅमची पूड भिजून घट्ट रोवलेली. उलटी करून आपटली तर अर्धा चोथा बाहेर येतो, उरलेला अर्धा जाळीला धरून राहतो. चमचा आत पुरेसा जात नाही, गेला तर जाळी फाटायची भीती. बोट तर जातच नाही. मग उरतो नळ. नळाखाली धरायची, फिरवायची, आतून ब्रश घालायचा, परत धरायची, आणि सगळा काळा गाळ सिंकमध्ये. सकाळी लोकल गाठायची असताना ही मिरवणूक रोज चालायची. जेवढं पाणी कॉफीला लागत नाही तेवढं ती नळी धुवायला लागायचं. पहिल्या उन्हाळ्यात, मेच्या शेवटी, सिंक तुंबलं. प्लंबरने खालची वाकडी नळी उघडली आणि बादलीत काळ्या चिखलाचा गोळा पडला. कॉफीची पूड विरघळत नाही. भांड्यांच्या तेलातुपात ती मिसळते आणि वाकणात जाऊन बसते. प्लंबरने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुंड्या इथेच धुता का?" आईने उत्तर द्यायचं माझ्यावर सोपवलं.

तुम्ही म्हणाल, सिंकमध्ये जाळी बसवून घ्यायची. बसवली. मग ती जाळी साफ करायचं काम वाढलं. कदाचित रुंद तोंडाच्या, आखूड नळीच्या बाटलीला हा त्रास होत नसेल. माझी तशी नव्हती.

दुसऱ्या उन्हाळ्यात कागद आणला. कोन आणि त्यात बसणारे कागदाचे फिल्टर, बहुतेकांच्या घरी असतात तेच. कागदाचा जन्मच मुळी चोथ्याच्या वैतागातून झालाय. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी 1908 मध्ये पितळी भांड्याला भोकं पाडून मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात बसवला, तो कपातल्या गाळाला कंटाळूनच. त्या बाईंबद्दल मला आपुलकी आहे. आणि कागदातून उतरलेली कोल्ड ब्रू दिसायला या तिघांत सर्वांत देखणी, यात वाद नाही. पेला उजेडात धरला की आरपार तांबूस दिसतो. चव हलकी, स्वच्छ, सरबतासारखी. बिया फळांच्या वासाच्या असतील आणि तुम्ही बिनदुधाची पीत असाल, तर कागदासारखं काही नाही. चोथा कागदासकट उचलून टाकता येतो, सिंकला काही नाही.

पण बेंट्झबाईंच्या कागदावर ताजी पूड होती आणि वरून गरम पाणी. आपण ओततो ते सोळा तास भिजलेलं, पिठीने भरलेलं थंड पाणी. पहिला अर्धा पेला झरझर उतरतो आणि मग कागदाची भोकं बुजतात. नंतर थेंब, थेंब, थेंब. 600 मिलिलिटरला माझ्या घड्याळाप्रमाणे चाळीस मिनिटं लागली आणि मधे दोनदा कागद बदलावा लागला. आधी चहाच्या गाळणीतून ओतून घेतलं, तळ न ढवळता वरचं निवळ आधी सोडलं, तर पंचवीसवर येतं. रविवारी ठीक आहे. बुधवारी सकाळी दर पाच मिनिटांनी येऊन कोनात ओतत राहणं मला जमलं नाही. शिस्तीच्या माणसाला जमेल. रात्री ओतून झोपायचं म्हटलं तर कोनात एका वेळी मावतं ते किती!

फडक्याकडे मी वळलो तो श्रीखंडामुळे. पाडव्याच्या आदल्या रात्री आईने दही बांधून टांगलं होतं आणि सकाळी पाणी खाली, चक्का वर. ना कुणी उभं राहिलं, ना कुणी कागद बदलला. तेव्हा डोक्यात आलं की आपण हे उगाच अवघड करून ठेवलंय. नंतर वाचलं तर जपानात फ्लॅनेलच्या पिशवीतून कॉफी गाळायची जुनी पद्धत आहे, तिला नेल म्हणतात. अमेरिकेत ह्यूस्टनच्या टॉड सिम्पसन यांनी 1964 मध्ये काढलेल्या 'टॉडी' या कोल्ड ब्रूच्या भांड्यातसुद्धा फेल्टची जाड चकती असते. म्हणजे आपला चक्का काही मागासलेला नव्हता.

कापडात दोन पर्याय आहेत. मलमल पातळ, तिची दुहेरी घडी लागते. मांजरपाट जाड, त्याची एकेरी पुरते, पण नव्या कोऱ्या मांजरपाटात खळ असते. ती न काढता वापरलं तर पाणी उतरत नाही आणि कॉफीला कापडाच्या दुकानाचा वास येतो. दोनदा उकळा, मग वापरा. मी मांजरपाटाचा हातभर चौकोन कापून घेतलाय. रात्री त्यात पूड घालायची, सैल पुरचुंडी बांधायची (सैल, कारण पूड फुगते) आणि बरणीत पाण्याखाली बुडवून ठेवायची. कोरडी राहिली तर वर तरंगते, म्हणून चमच्याने दाबून भिजवून घ्यायची. सकाळी पुरचुंडी उचलून बरणीवर पळी आडवी टाकून तिला बांधायची आणि आंघोळीला जायचं. पंधरा-वीस मिनिटांत निथळते. पिळायची नाही. हात शिवशिवतात, पण पिळलं की पिठी कापडातून बाहेर येते आणि कडवटपणाही.

चव? जाळी आणि कागद यांच्या मधली. जाळीचा भरदारपणा बराचसा राहतो आणि गाळ जवळजवळ नाही. कागदाइतकी आरपार दिसत नाही हे कबूल. आणि चोथा, ज्याच्यापायी हे रामायण झालं, तो कसा निघतो? पुरचुंडी सोडायची, कुंडीवर किंवा ओल्या कचऱ्याच्या डब्यावर कापड उलटं करायचं आणि मागून एक थाप. अख्खा गोळा मुटक्यासारखा सुटून पडतो. उरलेला गाळ बादलीत खळबळून ते पाणीही झाडाला. सिंकमध्ये काही जात नाही.

फडक्याची खोड म्हणजे वास. कॉफीचं तेल कापडात मुरतं आणि ओलसर राहिलं तर खवट होतं. साबण लावू नका, त्याचा वास पुढच्या बरणीत उतरतो. लगेच धुवायचं, आठवड्यातून एकदा साध्या पाण्यात उकळायचं. उन्हाळ्यात गच्चीवर कडकडीत वाळतं. जून लागला की आमच्याकडे काहीच वाळत नाही, आणि एका पावसाळ्यात त्याला असा कुबट वास आला की ते फेकून द्यावं लागलं. आता मी नेलवाल्यांचं ऐकतो. फडकं पाण्यात बुडवून डब्यात घालून फ्रिजमध्ये, पाणी रोज बदलून. डब्यावर चिठ्ठी लावलेली आहे, कारण एकदा घाईत आईने त्याच फडक्यात दही बांधलं. त्या दिवशीचं श्रीखंड वेलदोड्याला न जुमानता कॉफीचंच लागत होतं. पाहुण्यांपैकी एकाने दोनदा वाढून घेतलं, तेवढीच जमेची बाजू.

ज्यांना वासाची कटकट नको त्यांनी बदामाचं दूध गाळायची नायलॉनची पिशवी बघावी. ती झटकन वाळते आणि चोथाही फडक्यासारखाच निघतो. पिठी मात्र जाळीइतकीच सोडते. फ्रेंच प्रेस घरात असेल तर नवीन काहीच घेऊ नका, त्यातच भिजवा, दांडा अलगद खाली न्या आणि वरचं ओतून घ्या. साउथ इंडियन फिल्टरमध्ये जाड पूड आणि गार पाणी घालून पाहिलं. पाणी भुर्रकन खाली गेलं, जेमतेम रंग घेऊन.

एक गोष्ट ऐकीव म्हणून फिरते, की कोल्ड ब्रूने पित्त होत नाही. 2018 मध्ये फिलाडेल्फियाच्या राव आणि फुलर या दोघी संशोधकांनी मोजून दाखवलं की थंड आणि गरम कॉफीचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, जवळपास सारखाच, साधारण 4.85 ते 5.13, गरम कॉफीत एकूण आम्लं मात्र जास्त उतरतात. तेव्हा पित्तासाठी गाळणी निवडू नका. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर गोष्ट वेगळी. कॉफीतल्या तेलकट भागातलं कॅफेस्टॉल ते वाढवतं आणि कागद त्याला बऱ्यापैकी अडवतो. तिथे मी फडक्याचा आग्रह धरणार नाही.

एकट्या माणसाला, आठवड्यातून एकदा, बिनदुधाची प्यायची असेल तर कागद घ्या, मजा येईल. घरात कुणी कुणाच्या फडक्याला हात लावला तर वाद होत असतील तर बाटली, पण घेताना नळीत आपला हात जातो का ते दुकानातच बघा. बाकीच्यांनी पैसे खर्च करण्याआधी अर्धा मीटर मांजरपाट आणून पंधरा दिवस करून बघायला काय हरकत आहे? नाही पटलं तर चक्क्याला उपयोगी पडेल. पाहुणे येणार असले की मी स्वतः फडक्यातून निघालेली कॉफी कागदातून सोडतो. पिठी आधीच अडलेली असते, त्यामुळे कागद तुंबत नाही.

जाळीची बाटली अजून आहे. आई तिच्यात वाळ्याचं पाणी करते. वाळ्याची जुडी नळीत नीट बसते आणि धुवायच्या वेळी टोकाला धरून ओढली की अख्खी बाहेर येते.