जुळे सोलापूर: रिकाम्या प्लॉटचं गार्डन झालंय, नक्की जाऊन बघा

कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर आधी नुसती वेडी बाभूळ अन् कचऱ्याचे ढीग, आता तिथं जे गार्डन केलंय ते खरंच लई भारी झालंय. सगळ्यात आवडलं ते झाडांचं सिलेक्शन, शोची झाडं न लावता कडुनिंब, करंज, बहावा लावलेत, आपल्याकडं पाऊस कमी आणि मे महिन्यात पारा ४२-४३ला जातो तिथं हीच टिकणार ना. लॉन नाहीच, बरं झालं, नळाला रोज पाणी येत नाही तिथं लॉनला कुठून घालायचं! खोडाभोवती वाळक्या पाल्याचा जाड थर टाकलाय, मी हातानं बाजूला करून बघितलं तर खालची काळी माती भर उन्हात पण ओलसर, एक भेग नाही. ठिबक आहे, शेजारच्या छतांचं पावसाचं पाणी शोषखड्ड्यात सोडलंय. ट्रॅकला काँक्रीट न करता मुरूम टाकलाय ते चांगलंच, फक्त पावसाळ्यात कडेला चिखल होतो, तिथं जरा खडी टाका राव. आणि अंधार पडल्यावर लाईट कमी पडतात, बायकांना, म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो, हे काम आधी करा. माझ्याकडून चार स्टार.