नववीतल्या पोरीला बिझनेसचा कोर्स लावला, त्याचे आठ महिने

कंपनीचं नाव लिहिणार नाही. लिहिलं की त्यांचे फोन परत सुरू होतात. आणि तसंही हे कोर्स आता इतके निघालेत की एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. आठवी ते बारावीच्या मुलांसाठी उद्योजकता, शनिवार-रविवारी संध्याकाळी ऑनलाइन वर्ग, मधल्या दिवसांत बघायला व्हिडिओ, आणि शेवटी परीक्षकांपुढं आपली कल्पना मांडायची. फी १४,५०० रुपये. जूनमध्ये भरली, जानेवारीत कोर्स संपला.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न शॉप आहे. फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, वाळूत साचा पाडायला जो नमुना लागतो, तो लाकडात किंवा ॲल्युमिनियममध्ये करून द्यायचा, आणि मिलिंगची, म्हणजे मशिनवर धातू कापून आकार द्यायची, थोडी जॉबवर्कची कामं. वीस वर्षं झाली. पोरगी म्हणाली, "पप्पा, मला बिझनेस शिकायचाय." मी म्हटलं, "मग रविवारी वर्कशॉपला ये." त्यावर तिची आई म्हणाली, तुमच्याकडं आली तर शिव्या तेवढ्या शिकून येईल. असा हा कोर्स लागला.

पहिले दोन महिने माझं मन आंबटच होतं. पहिल्याच धड्यात अमेरिकेतलं एक पोरगं घरापुढं टेबल मांडून लिंबू सरबत विकतं. कप एक डॉलर, साखर अमुक सेंट, आठवड्याचा नफा काढा. हिशोब चूक नाही, पण आमच्या गल्लीत कुणी पोरानं घरापुढं सरबत मांडलं तर पहिले दहा ग्लास शेजारीपाजारी फुकटच पिणार. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून ग्लास हातात देतात. ना जाहिरात, ना पॅकिंग. गिऱ्हाइकाचा विश्वास डोळ्यांदेखत तयार होतो. हे उदाहरण पायाशी असताना पोरांना सेंट मोजायला लावायचे, हे मला काही पटलं नाही. वर्ग हिंदी-इंग्रजीत. आठ महिन्यांत तीन मेंटॉर बदलले. पहिली बाई चांगली होती, जीव तोडून शिकवायची. दुसरा नुसता स्लाइड वाचायचा. तिसऱ्याबद्दल खाली येईलच.

कंपनी कशी काढायची यावर अख्खे दोन शनिवार घालवले. आता भारतात अठरा वर्षांखालच्या मुलाला करारच करता येत नाही. १८७२ च्या करार कायद्यात ते आहे, आणि अल्पवयीन मुलानं केलेला करार मुळातच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, १९०३ मध्येच सांगून ठेवलंय. चौदा वर्षांची पोरगी कंपनीची डायरेक्टर होऊ शकत नाही. मग तिला शेअर कसे वाटायचे ते शिकवून काय उपयोग? त्यापेक्षा रिझर्व्ह बँकेच्या नियमानं दहा वर्षांवरच्या मुलांना, बँक ठरवेल त्या मर्यादेत, स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं, एवढं सांगितलं असतं तरी कामाला आलं असतं. ते मला दुसरीकडून कळलं.

पण एक गृहपाठ असा निघाला की मी गप्प बसलो. पहिल्या बाईनं दिलेला. आपण काय विकणार ते अजिबात न सांगता वीस जणांशी बोलायचं. अडचण काय आहे एवढंच विचारायचं आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहायचे.

पोरीच्या आणि तिच्या दोन मैत्रिणींच्या डोक्यात दिवाळीतल्या किल्ल्याचं किट होतं. जुलैमध्ये पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यामुळं शाळेत किल्ल्यांचीच हवा होती. यांचा बेत असा, की कुंभाराकडून मावळे आणायचे आणि सोबत पन्हाळ्याचा हातानं काढलेला नकाशा द्यायचा; तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जा कोठी सगळं दाखवून. तिघी राजारामपुरीत, नागाळा पार्कात अपार्टमेंटच्या दारात उभ्या राहून आयांना विचारत सुटल्या. वीसातल्या चौदा जणींनी जवळजवळ एकच सांगितलं. मावळे गेल्या वर्षीचे डब्यात आहेत, पोरांना हौसही आहे, पण फ्लॅटमध्ये माती आणायची कुठून? एकीनं तर सांगितलं की कुंड्या उपसून किल्ला केला आणि मोगरा मेला.

वीस वर्षं धंद्यात असून मी गिऱ्हाइकाला असं कधी विचारलं नव्हतं. ड्रॉइंग येतं, आपण भाव सांगतो, संपलं.

मग तिसरा मेंटॉर आला. त्यानं सांगितलं, सुटं काही विकायचं नाही, सगळं एकत्र बांधा, म्हणजे एका गिऱ्हाइकाकडून जास्त रक्कम येते. पोरींनी ऐकलं. दोन किलो लाल माती, पाच मावळे, वर गवत उगवायला मोहरी, नकाशा आणि पिशवी. मावळ्यांचे ६० रुपये, मातीचे १०, मोहरीचे ४, नकाशाच्या छपाईचे ६, पिशवीचे ९; एका किटला ८९ रुपये पडले. विक्री १५० ला. तिघींनी १,८०० प्रमाणे ५,४०० जमवले आणि ५,३४० खर्चून ६० किट बांधली. (दिल्लीच्या सरकारी शाळांत २०२१ पासून अशाच उपक्रमात मुलांना प्रत्येकी २,००० रुपये भांडवल हातात द्यायचे. इथं चौदा हजार घेऊन वर भांडवलही पालकांचंच.) माती जोतिबाच्या वाटेवरनं माझ्या मोटारसायकलवर आली. पेट्रोल हिशोबात कुठंच नाही. मी म्हटलंही, पण "पप्पा, ते तुमचं इन्व्हेस्टमेंट" असं उत्तर मिळालं.

वसुबारसेपर्यंत धडाका होता. पैसे घ्यायला बायकोच्या फोनचा क्यूआर कोड लावलेला, त्यामुळं किटचे दीडशे आणि भिशीचे पैसे एकाच खात्यात, रात्री बसून निवडायचे. भाऊबीजेला हिशोब मांडला तर ४७ किट गेलेली. कोर्सच्या तक्त्यात आकडे भरले: विक्री ७,०५०, नफा २,८६७. पोरगी नाचली. मग डबा उघडून नोटा मोजल्या, खात्यातले धरले, तर घातलेल्या पैशांच्या वर ६० रुपये. साठ! तिला वाटलं मैत्रिणीनं कुठंतरी घोळ घातला. रडारड, फोनाफोनी, अबोला.

घोळ कुणीच घातला नव्हता. अकरा किट उधारीवर गेली होती, त्याचे १,६५० बाहेर. तेरा किट शिल्लक, त्यात १,१५७ अडकलेले. त्यात ते साठ मिळवा, बरोबर २,८६७ होतात. नफा होता, पण तो तीन जागी पडला होता आणि त्यातल्या दोन जागांवरनं भाकरी आणता येत नाही.

आता माझी मुख्य तक्रार. कोर्सच्या त्या तक्त्यात उधारीचा रकानाच नाही. माल दिला की पैसे आले, असं धरून चाललंय सगळं. मेंटॉरला विचारलं तर म्हणाला, उधार द्यायचंच नाही, ऑनलाइन पेमेंट आलं तरच माल द्या. अहो, वरच्या मजल्यावरची काकू म्हणते "बाळ, संध्याकाळी देते", तिला चौदा वर्षांच्या पोरीनं काय सांगायचं? "आज रोख उद्या उधार" ही पाटी दुकानात लावायला ठीक आहे, जिन्यात कशी लावणार? माझ्याच धंद्यात बघा. लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं असं २००६ चा कायदा सांगतो. आता तर वेळेत दिलं नाही तर देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही. तरी माझी नव्वद दिवसांची बिलं आहेत, आणि त्या माणसाशी भांडूनही चालत नाही, कारण पुढचं कामही तोच देणार. धंदा म्हणजे निम्मी वसुली. आठ महिन्यांच्या कोर्समध्ये त्यावर एक धडा नाही.

शेवटी वसुली आमच्या आईनं, म्हणजे तिच्या आज्जीनं शिकवली. पैसे मागायचे नाहीत. ताटलीत चार चकल्या घेऊन जायचं, किल्ला बघायचा, कौतुक करायचं आणि बसून राहायचं. नऊ जणींनी दिले. दोन अजून बाकी. त्यातली एक माझी चुलत बहीण आहे, त्यामुळं मला तोंड उघडता येत नाही.

आणि तेरा किट का राहिली? तर लोक दारात येऊन विचारत होते, "नुसती माती मिळेल का?" आणि या "नाही, पूर्ण किटच घ्यावं लागेल" म्हणत होत्या. ज्या गोष्टीची गरज वीसातल्या चौदा जणींनी स्वतःच्या तोंडानं सांगितली, ती सुटी द्यायला नकार. वहीत सगळं लिहिलेलं होतं. पोरीला हे नोव्हेंबरात वही परत चाळताना दिसलं. मला विचाराल तर फीतले पाच हजार त्या संध्याकाळी वसूल झाले.

उरलेले कसे झाले ते सांगताना जरा लाज वाटते. डिसेंबरात 'खर्चावरनं किंमत कशी काढायची' हा भाग आला आणि एका खऱ्या धंद्याचा तक्ता भरून आणायला सांगितला. पोरगी वही घेऊन वर्कशॉपला आली. "पप्पा, तुमचा मिलिंगचा तासाचा दर किती?" म्हटलं, २८०. "तो कसा काढला?" आता काय सांगू, शेजारचा २८० घेतो म्हणून मीही घेतो. तिनं भाडं १४,०००, लाइट बिल ६,०००, ऑपरेटरचा पगार १८,०००, टूल ५,००० आणि मशिनचा घसारा ७,००० असे महिन्याचे ५०,००० मांडले. मी लगेच म्हटलं, सव्वीस दिवस, रोज दहा तास, म्हणजे तासाला १९२ पडतात. झाले की नव्वद रुपये सुटे! ती म्हणाली, "पण मशिन खरंच दहा तास चालतं का?" तिनं पुढचा आठवडाभर ऑपरेटरकडून चालू-बंदच्या वेळा लिहून घेतल्या. सरासरी सहा तास. बाकी वेळ जॉब मशिनवर बांधणं, टूल बदलणं, लाइट जाणं आणि चहा. सहा तासांनी भागलं तर खर्च तासाला ३२० वर गेला. नव्वद सुटत नव्हते, चाळीस जात होते.

ओतलेलं लोखंड गार होताना मीटरमागं साधारण दहा मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा करायचा असतो. हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. हिशोबात मात्र मी ते आकसणं कधी धरलंच नव्हतं. दर वाढवला का, तर दोघांना सांगितला. एकानं मान्य केला, दुसरा अजून "बघू" म्हणतोय.

शेवटचा दिवस, ज्याला ते डेमो डे म्हणतात, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पोरांना कोट घालायला लावलेले. आमच्या पोरीला सांगितलं, पन्नास लाख माग आणि दहा टक्के हिस्सा दे. तिला किटमागं ६१ रुपये सुटतात हे तोंडपाठ, तरी तिनं ते पन्नास लाख म्हटले, कारण स्लाइड तशीच तयार होती. फ्रेम केलेलं सर्टिफिकेट हवं तर ७५० रुपये वेगळे. घेतलं नाही. पण एक मान्य करतो. जूनमध्ये पाहुणे आले की आतल्या खोलीत पळणारी पोरगी जानेवारीत अनोळखी माणसांपुढं सहा मिनिटं न अडखळता बोलली.

लावायचा का, असं विचारणाऱ्यांसाठी. मूल काहीतरी खरोखर विकणार असेल आणि घरात कुणीतरी सोबत हिशोबाला बसणार असेल, तर लावा. पण चौदा हजारांचा कशाला? भरायच्या आधी विचारा की मेंटॉर शेवटपर्यंत एकच राहणार का, भांडवल कुणाचं, आणि फी परत मिळायची मुदत किती दिवसांची. नुसती माहितीच हवी असेल तर आपल्या बोर्डाचं बारावीचं 'वाणिज्य संघटन व व्यवस्थापन' हे पुस्तक बालभारतीच्या साइटवर मराठीत फुकट आहे. फेयॉलची व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं, उद्योजकता, विपणन, ग्राहक संरक्षण सगळं त्यात आहे. भाषा कोरडी आहे, पण नववी-दहावीच्या मुलाला मोठ्या माणसाबरोबर बसून कळेल. केंद्राच्या स्वयम् पोर्टलवरही अकरावी-बारावीचे विषय फुकट आहेत. आम्ही हे सगळं फी भरून झाल्यावर शोधलं.

गेल्या आठवड्यात 'ॲडव्हान्स्ड लेव्हल'साठी फोन आला, ३२,००० रुपये. पोरीनंच उचलला. "त्यात उधारी वसूल करायला शिकवता का?" असं विचारलं. पलीकडचा म्हणाला, सरांना विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

तेरा किटमधले मावळे कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवलेत, माती आज्जीच्या तुळशीला गेली. यंदा दहावी आहे, त्यामुळं किल्ल्याचं काही काढायचं नाही असं तिच्या आईनं बजावलंय. पण वहीच्या शेवटच्या पानावर मी परवा बघितलं, "सुटी माती, किलो २० रु., पिशवी आपली आणावी" असं लिहिलंय, आणि खाली रेघ मारून, "उधार: फक्त आज्जीला विचारून."