ओहम मोजले, वेढे कोणी मोजले?

"जुन्या पीएएफसारखा, मिसमॅच्ड कॉइलचा" असं सांगून मला एक हमबकर विकला गेला. हमबकर म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा दोन कॉइलचा पिकअप, आणि मिसमॅच्ड म्हणजे त्या दोन कॉइलवर वायरचे वेढे कमीजास्त. विकणाऱ्याने माझ्यासमोरच मल्टिमीटर लावला. एक कॉइल ३.८ किलोओहम, दुसरी ४.७. "बघा, हिच्यावर वेढे जास्त." आकडे डोळ्यांनी पाहिले, मग शंका कसली घेणार? साध्या पिकअपच्या दुप्पट पैसे मोजून आलो.

मिसमॅच ही थाप नाही. सेथ लव्हरने गिब्सन या गिटार कंपनीसाठी १९५५ मध्ये हमबकरच्या पेटंटचा अर्ज केला (पीएएफ, म्हणजे 'पेटंट अप्लाइड फॉर', हे नाव त्या अर्जावरूनच पडलं). त्या सुरुवातीच्या पिकअपमध्ये दोन्ही कॉइलचे वेढे सारखे असतीलच असं नसे. आता आवाजाचं. दोन कॉइल गिटारच्या तारेचं कंपन पावणेदोन-दोन सेंटिमीटर अंतरावरून टिपतात, म्हणून काही वरचे हार्मोनिक एकमेकांना मारतात. एक कॉइल जोरकस असली की ते पुरते मरत नाहीत आणि आवाजाला जराशी धार येते. पण मग अँपमधून येणारी घूं, जी दोन सारख्या कॉइल मिळून मारतात, तीही पुरती मरत नाही.

माझ्याकडे ती घूंच नव्हती! गेन पूर्ण वर, तरी अँप चिडीचूप. मी मूर्ख, उलट खूश झालो.

पिकअप वाइंड करणाऱ्या एका मित्राने ते ऐकलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "घूं कुठाय?" त्याने एलसीआर मीटरवर दोन्ही कॉइलचा इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइल करते तो विरोध) मोजला. तो वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे १० टक्के वेढे जास्त तर इंडक्टन्स सुमारे २१ टक्के जास्त. माझ्या दोन्ही कॉइल जवळपास सारख्या निघाल्या. एकीच्या आत स्क्रू, दुसरीत स्लग (धातूच्या साध्या खुंट्या) म्हणून पडतो तेवढाच फरक. टेप सोडली तर एक बॉबिन गच्च भरलेला, दुसरा सडपातळ. एकावर ४२ गेजची वायर, दुसऱ्यावर ४३ ची. ४३ बारीक असते, तेवढ्याच लांबीला रेझिस्टन्स साधारण पावपट जास्त. वेढे तेच, ओहम वेगळे.

घेणार असाल तर दोन्ही कॉइलच्या वेढ्यांचा आकडा आणि वायरचा गेज लेखी मागा. चार वायरचा (दोन्ही कॉइलची टोकं वेगळी बाहेर काढलेला) पिकअप असेल तर एकेक कॉइल वेगळी वाजवा, आवाज कमीजास्त लागतो का ऐका.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "रेझिस्टन्स वेगळा आहे ना? मग मिसमॅच्डच झाला की."