पवनचक्कीवाल्यांचं घराणं शोधताना: डच नोंदींच्या संकेतस्थळांचा अनेक महिन्यांचा अनुभव

ओपन आर्काइव्हज, वी वास वी, डेल्फर आणि पवनचक्क्यांचे डेटाबेस ही डच संकेतस्थळं मी गेल्या हिवाळ्यापासून जवळजवळ रोज वापरते आहे. कारण घरचंच आहे. लग्न होऊन नेदरलँड्सला आले तेव्हापासून ऐकत होते, की सासूबाईंच्या माहेरी झान नदीकाठी पवनचक्की होती. कुठली, कधीपर्यंत, स्वतःच्या मालकीची की तिथे नुसती नोकरी होती, हे मात्र कोणालाच धड सांगता येत नव्हतं. सासूबाईंनी आता ऐंशी ओलांडली आहे. त्यांच्या डोळ्यांदेखत याचा छडा लागावा असं मनापासून वाटलं आणि कामाला लागले.

सुरुवात ओपन आर्काइव्हजपासून करा. शोध फुकट आहे आणि निरनिराळ्या अभिलेखागारांच्या नोंदी एकाच ठिकाणी सापडतात. फ्रेंच अंमलात, १८११ पासून, देशाच्या बहुतेक भागात जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. लग्नाच्या नोंदीत वर-वधूच्या आईवडिलांची नावं असतात, बहुधा धंदाही असतो. त्यामुळे एका लग्नावरून मागच्या पिढीच्या लग्नावर जाता येतं आणि एकोणिसावं शतक भराभर मागे पडतं. अलीकडच्या नोंदी मात्र लगेच खुल्या होत नाहीत. जन्माला १०० वर्षं, लग्नाला ७५ आणि मृत्यूला ५० वर्षं थांबावं लागतं. म्हणून पहिले दोन दुवे घरातल्या वडीलधाऱ्यांकडूनच घ्या. वी वास वीवरही साधा शोध फुकट आहे, दोन माणसांची नावं एकत्र घालून शोधायचं असेल तर वर्गणी भरावी लागते. मी भरली. मोलेनार किंवा मुल्डर (दोन्हींचा अर्थ चक्कीवाला) अशी आडनावं गावोगाव आहेत, त्यांच्यात आपलं माणूस वेगळं काढायचं तर नवरा-बायकोची नावं जोडीने शोधण्यावाचून इलाज नाही.

एवढं झाल्यावर माझं घोडं अडलं. धंद्याच्या रकान्यात ‘मोलेनार’ लिहिलं आहे म्हणून तो माणूस मालक ठरत नाही. चक्की चालवायला ठेवलेल्या माणसालाही तेच लिहायचे. हाताखालचे कामगार तर एका चक्कीवरून दुसऱ्या चक्कीवर जात राहायचे. १८११ च्या मागे गेलं की कितीतरी घरांना आडनावच नसतं. बाप यान, म्हणून मुलगा पीटर यान्स, आणि त्याचा मुलगा यान पीटर्स! नावाचा धागा धरून यापुढे जाणं कठीण.

या सगळ्या खटाटोपातून मला सांगण्यासारखं एकच वाटतं: माणसामागे लागू नका, चक्की धरा. माणसं गाव सोडतात, नाव बदलतात. चक्की सहसा एका जागी असते आणि त्या जागेला क्रमांक असतो. १८३२ च्या काडास्टरमध्ये, म्हणजे तिथल्या जमीन मोजणीत, प्रत्येक तुकड्यापुढे मालकाचं नाव, धंदा, राहण्याचं गाव आणि क्षेत्रफळ दिलेलं आहे. त्या वेळचे नकाशे ऑनलाइन पाहता येतात. गट क्रमांक हाती आला की पुढच्या खातेवह्यांतून मालकी कोणाकडून कोणाकडे गेली ते बघत जायचं. सातबारा आणि फेरफार ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना हे अजिबात परकं वाटणार नाही. मला तर आमच्या गावच्या तलाठी कार्यालयात मारलेल्या खेपांचा इथे फायदाच झाला.

चक्कीचं नाव किंवा जागा कळली की पवनचक्क्यांचे डेटाबेस उघडा. एक आज उभ्या असलेल्यांचा आहे आणि दुसरा नाहीशा झालेल्यांचा. आपली चक्की बहुधा दुसऱ्यात सापडेल, कारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नेदरलँड्समध्ये दहा हजारांच्या आसपास चक्क्या होत्या, आज पाण्यावरच्या धरूनही बाराशेच्या आसपास उरल्या आहेत. प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक आहे. तो टिपून ठेवा, कारण एकाच नावाच्या अनेक चक्क्या असतात.

झानकाठची गोष्ट आणखी निराळी आहे. तिथे एकेक चक्की हिश्श्याहिश्श्याने अनेकांच्या मालकीची असायची, कोणाचा आठवा हिस्सा, कोणाचा सोळावा. आगीची भीती कायमची, म्हणून तेल गाळणाऱ्या चक्क्यांच्या मालकांनी १७२७ मध्ये आपसात विम्याचा करार केला होता. असे हिस्से जन्ममृत्यूच्या नोंदीत दिसत नाहीत, ते वारसा कराच्या कागदांत दिसतात. १८१८ पासूनच्या या कागदांत मयताची स्थावर मालमत्ता लिहिलेली असते. आमचं कोडं तिथेच सुटलं. सासूबाईंच्या खापरपणजीला तिच्या वडिलांकडून तेलाच्या चक्कीचा आठवा हिस्सा आला होता, आणि तिचा नवरा त्याच चक्कीवर कामगार होता. घरात आजवर चक्कीची गोष्ट पुरुषांच्याच नावाने सांगितली जायची. मालकीण ती होती, हे वाचून मला फार आनंद झाला.

लग्नाच्या नोंदीला जोडलेले कागद मुळीच सोडू नका. लष्करभरतीचा दाखला त्यात असतो आणि त्यात नवरदेवाचं वर्णन असतं. आमच्या खापरपणजोबांची उंची १ एल, ६ पाम, ७ डाउम, म्हणजे १ मीटर ६७ सेंटिमीटर. चेहरा लांबट, डोळे निळे, हनुवटी गोल. शेवटच्या रकान्यात ठळक खुणा. तिथे कारकुनाने आडवी रेघ मारली आहे. ज्याचा फोटो काढला जाण्याचा प्रश्नच नव्हता, त्या माणसाचा चेहरा असा समोर आला.

डेल्फर हे राष्ट्रीय ग्रंथालयाचं जुन्या वर्तमानपत्रांचं संकेतस्थळ, तेही फुकट. चक्की विकायची जाहिरात मिळाली तर सोबतचं घर, कोठार, जमीन असा तपशील हाती लागतो. स्पेलिंग बदलून बदलून शोधा.

पूर्वज पोल्डरमधलं, म्हणजे बांध घालून कोरड्या केलेल्या सखल जमिनीतलं, पाणी उपसणाऱ्या चक्कीवर असेल तर हा सगळा मार्ग बदलतो. तो बहुधा पाणी मंडळाचा नोकर असायचा, तेव्हा नेमणूक आणि पगार त्या मंडळाच्या दप्तरात शोधायचे.

तक्रार एकच. एका अभिलेखागाराकडे मागितलेल्या प्रती यायला इतके आठवडे लागले की मी आशाच सोडली होती. शिवाय जुनं डच हस्ताक्षर वाचायला सवय लागते. हस्ताक्षर ओळखणारं सॉफ्टवेअर मदत करतं, पण नावं आणि हिश्श्यांचे अपूर्णांक मूळ प्रतीवर ताडून पाहाच.

जमलं तर चालती तेलाची चक्की एकदा बघा. झान नदीकाठी झान्से स्खान्स या जुन्या चक्क्या जपलेल्या ठिकाणी ‘दे झूकर’ नावाची आहे. उभे फिरणारे दगड, भाजलेला भरडा, लोकरी पिशव्या आणि पाचर ठोकणाऱ्या ओंडक्यांचा कान बधिर करणारा आवाज. हे पाहिल्यावर कागदावरचा ‘कामगार’ हा शब्द वेगळा वाचला जातो. चक्की चालवण्याच्या या कौशल्याला २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं आहे, आणि तिथली माणसं विचारलेल्या प्रश्नांना अगदी मन लावून उत्तरं देतात.

वर्गणीची घाई करू नका. आधी फुकटच्या शोधावर दोन-तीन पिढ्या लावा, चक्कीची जागा ठरवा आणि अडल्यावरच पैसे भरा. मी पुढच्या वर्षासाठी वर्गणी चालू ठेवली आहे, कारण उरलेले सात हिस्से कोणाचे होते ते आता शोधायचं आहे.