आयर्विन पुलाखाली गळ की फेकजाळं?

उन्हाळ्यात सांगलीत कृष्णेचं पाणी उतरलं की कडेला गुडघाभरच राहतं, तेव्हा प्रश्न हाच. फेकजाळं नीट गोल उघडलं तर जाळ्याच्या कडेचं वजनाचं शिसं झपकन तळाला बसतं आणि उथळ पाण्यात चिलापी माशाला पळायला जागाच उरत नाही, पण तळाला दगड, निर्माल्याच्या पिशव्या, तारा, जाळं अडकतं नि फाटतं, मग शिवत बसा अख्खी संध्याकाळ. बोटभर पिल्लंपण येतात, ती लगेच सोडा राव, प्लीज. गळाला वेळ लागतो, कणकेची गोळी लावायची आणि काठावर लांब बसायचं, कारण उथळ पाण्यात मासा माणसाच्या सावलीलाही बिचकतो. मी गळच घेतो, जाळं फक्त स्वच्छ वाळू दिसली तरच.