केदारकंठाच्या नावाखाली ४२,१९६ रुपये गेले, बर्फाचे फोटो बघून भाळू नका

लाज वाटतेय लिहायला, पण सीझन परत जवळ आलाय आणि तीच जाहिरात परत फिरतेय म्हणून लिहितोय.

मागच्या डिसेंबरासाठी आम्ही चौघांनी उत्तराखंडातला केदारकंठा ठरवला. १२,५०० फूट, पहिल्या हिमालयन ट्रेकसाठी जो तो हाच सांगतो. सोशल मीडियावर एक पेज मिळालं, माणशी ८,४९९, डेहराडून ते डेहराडून. रेट फार काही स्वस्त नव्हता हे मुद्दाम सांगतोय, कारण ज्याला सांगावं तो पहिलं हेच म्हणतो की "फुकटात हवं होतं ना?" नाही बाबा, फुकटात नको होतं. आणि फोनवरचा माणूस चक्क मराठी बोलत होता, "दादा, आपलीच माणसं तुम्ही, मी आहे ना सांक्रीत." सांक्री म्हणजे ट्रेक जिथून सुरू होतो ते गाव. इथेच अर्धा विरघळलो मी.

निम्मे ॲडव्हान्स, १६,९९८. यूपीआयला कंपनीचं नाव न येता कुठल्यातरी बाईचं नाव आलं. विचारलं, तर म्हणे आमच्या अकाउंटंट आहेत, करंट अकाउंटची लिमिट संपलीय. आणि मी मानलं! नाव वेगळं दिसलं की तिथेच थांबा, पुढचं एक वाक्यसुद्धा ऐकू नका. मग नोव्हेंबरात "फॉरेस्ट परमिट आणि रेस्क्यू इन्शुरन्स" म्हणून माणशी १,२५०, म्हणजे ५,०००. मग मायक्रोस्पाइक्स (बर्फात घसरू नये म्हणून बुटांवर चढवायचे खिळे) आणि गेटर्सचं (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पायाला बांधायचं कव्हर) भाडं माणशी ८००, म्हणजे ३,२००. निघायच्या आदल्या दिवशी उरलेले १६,९९८, कारण "वर नेटवर्क नसतं दादा, आत्ताच क्लिअर करा." हे सगळं माझ्याच खात्यातून गेलं, बाकी तिघांनी विश्वासाने माझ्याकडे दिले होते.

सकाळी सहाला डेहराडून स्टेशनबाहेर उभे. दुसऱ्या ग्रुपच्या गाड्या एकेक करत भरून निघाल्या, आमच्या "ड्रायव्हरचा" फोन बंद. मी अकरापर्यंत तिघांना सांगत होतो की मसुरीकडे ट्रॅफिक असेल. एका टॅक्सीवाल्याने कंपनीचं नाव ऐकलं आणि नुसता हसला.

परत फिरायचं जिवावर आलं. ७,५०० ची टॅक्सी करून पुरोला, मोरीवरून रात्री सांक्रीला पोचलो. वाटेत नैटवाडच्या चेकपोस्टवर परमिट बघितलं जातं, आमच्याकडे होतं काय, व्हॉट्सॲपवरची एक पीडीएफ. ती बघून तिथल्या माणसाने मान हलवली, आम्ही गुपचूप परत पैसे भरले. सांक्रीत होमस्टेवाल्याने गावातलाच गाइड गाठून दिला आणि ट्रेक झाला, खरंच झाला. पहाटे तीनला हेडलॅम्प लावून निघालो, बर्फ गुडघ्याला लागत होता, पाण्याची बाटली पार गोठली होती, आणि वर उजाडलं तेव्हा स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ असे समोर होते की तेवढा वेळ ४२,१९६ विसरलो.

पण खरी चपराक बसली ती आदल्या दिवशी, वाटेतल्या जुडा का तालाब या तळ्याकडे जाताना. त्या माणसाने डिसेंबरात मला एक फोटो पाठवला होता, "कालचा फ्रेश स्नो, दादा." पांढराशुभ्र उतार आणि कोपऱ्यात लालभडक फुलांचं झाड. तोच मी स्टेटसला ठेवला होता. गाइडला सहज दाखवला तर तो म्हणाला, ये तो बुरांस है (म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन), ये मार्च-अप्रैल में खिलता है. म्हणजे फोटो जुना. दोन आठवडे ते लाल फूल माझ्या फोनमध्ये होतं. सह्याद्रीत वीस वर्षं फिरतोय मी, कारवी कधी फुलते ते झोपेत सांगेन, आणि भर थंडीत झाड फुललेलं बघून डोक्यात काही वाजलं नाही! बरं ते सोडा, त्या फोनवाल्याने आमचं वय, बीपी, दमा, आधी कुठे चढलात, यातलं एक अक्षर विचारलं नव्हतं. बर्फात माणसं नेणारा खरा माणूस हे आधी विचारतो, मेडिकल सर्टिफिकेट मागतो. याला फक्त पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट हवे असायचे.

आता तक्रारीचं ऐका. तिथल्या चौकीत गेलो तर "पैसे तुमच्या गावाहून गेले, तिकडे जा." इकडे आलो तर "गुन्हा तिकडे घडला." झिरो एफआयआर म्हणून काही असतं, हद्द कुठलीही असो गुन्हा नोंदवावा लागतो, असं म्हटलं तर साहेब म्हणाले, तुम्ही वकील आहात का? तीन चकरा मारल्या, तिसऱ्या वेळी अर्ज घेतला तोही झेरॉक्स आमच्याच खर्चाने. बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. सायबरचं कोणीतरी म्हणालं, सहा दिवसांनी का आलात, पैसे पुढे चार खात्यांत गेले. अहो, बर्फात होतो मी! म्हणजे चोराने पळायचं आणि उशीर झाला म्हणून बोलणी मी खायची. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, त्याच सकाळी स्टेशनवरूनच फोन लावायला हवा होता, हे मात्र माझं चुकलं. तुम्ही ट्रेक गेला खड्ड्यात म्हणा आणि आधी तो नंबर फिरवा, यूटीआर नंबर, म्हणजे पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा क्रमांक, हाताशी ठेवा.

आणि भाडं, परमिट असलं काही आधी भरू नका, स्पाइक्स सांक्रीतच भाड्याने मिळतात.

तिघांनी अजून हिशोब मागितलेला नाही. पण परवा एकाने नागटिब्बाचा, म्हणजे तिकडच्याच दुसऱ्या एका ट्रेकचा विषय काढला आणि दुसरा लगेच म्हणाला, "बुकिंग मी करतो."